नॅशनल पार्कात पहिल्यांदा चालायला जाताना

मुंबईत नव्याने आलेल्या, किंवा जन्मभर इथेच राहूनही संजय गांधी राष्ट्रीय उद्यान फक्त शाळेच्या सहलीत पाहिलेल्या माणसासाठी हा लेख आहे. बोरिवलीत आजही सगळे ‘नॅशनल पार्क’ असंच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. रविवारी अकराच्या सुमाराला येणारी बहुतेक कुटुंबं तिकिटाच्या रांगेत उभी राहतात, नौकाविहार करतात, सफारीच्या बसची वाट बघतात आणि जेवायच्या वेळेला परत फिरतात. जंगल त्यांच्या मागे तसंच राहून जातं. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे रान मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध उभं आहे. दहिसर नदी इथल्या तुळशी तलावापाशी उगम पावते, विहार तलाव भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीला मिळतं. एवढं मोठं जंगल लोकल ट्रेनच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असताना ते न पाहता राहायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डोंगर चढण्याचा सराव नसलेल्या, पण दोन-तीन तास चालू शकणाऱ्या कुणालाही जमेल अशी पहिली फेरी कशी आखायची, ते इथे क्रमाने सांगतो.

१. आधी वाट ठरवा

नॅशनल पार्कात चालायच्या वाटा तीन प्रकारच्या आहेत, आणि घोळ होतो तो इथेच.

पहिला प्रकार म्हणजे तिकीट काढून आलेल्या कुणालाही खुला असलेला रस्ता. मुख्य गेटपासून कान्हेरी गुंफांपर्यंतचा डांबरी रस्ता यात येतो. अंतर एका बाजूने साधारण सहा किलोमीटर.

दुसरा प्रकार आधी नाव नोंदवून, वनखात्याने नेमलेल्या माहितगारासोबतच जायच्या निसर्गवाटांचा. शिलोंडा ही त्यातली सगळ्यांत परिचयाची.

तिसऱ्या प्रकारच्या वाटा बंद आहेत. ठाण्याच्या बाजूच्या येऊरहून जंगल ओलांडून बोरिवलीत उतरणं, जांभूळमाळाच्या डोंगरावर परस्पर चढणं, तुळशी किंवा विहार तलावाच्या काठावर जाणं, दहिसर-मुलुंडच्या बाजूने भिंत फुटलेली आहे तिथून आत शिरणं, हे सगळं यात आलं. मोबाइलवर ‘मुंबईतला छुपा धबधबा’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यांतल्या बऱ्याच जागा याच प्रकारातल्या असतात. राष्ट्रीय उद्यानाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि परवानगीशिवाय आत फिरणं हा त्याखाली गुन्हा आहे. शिवाय तुळशी आणि विहार ही शहराच्या पिण्याच्या पाण्याची तळी आहेत, आणि दोन्हींत मगरी आहेत.

पहिली खेप कान्हेरीच्या रस्त्यानेच करा. डांबरी रस्त्यावर कसली आली भटकंती, असं वाटेल. पण नवख्या माणसाला रस्त्याचा फार मोठा फायदा असतो. पायाखाली बघावं लागत नाही, त्यामुळे डोळे झाडांकडे राहतात. वाट चुकायची भीती नाही, त्यामुळे कान उघडे राहतात. या रस्त्यावर मी जितके पक्षी पाहिले, तितके आडवाटांवर पाहिलेले नाहीत.

२. दिवस आणि ऋतू

सोमवारी उद्यान बंद असतं, कान्हेरीही बंद असतं. सुट्टीचा सोमवार धरून बेत आखणारे आणि गेटवरून परत जाणारे लोक दर महिन्याला दिसतात, म्हणून हे पहिलं. रविवार टाळता आला तर टाळा. मंगळवार ते शुक्रवारातली एखादी रजा इथे सार्थकी लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यांत सोपा काळ. सकाळी हवेत गारवा असतो आणि स्थलांतर करून आलेले पक्षी मुक्कामाला असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं नसल्यामुळे पक्षी स्वच्छ दिसतात आणि फुलांतला मध प्यायला ते येतातही भरपूर. माझ्या मते पक्षी बघायला शिकायचं असेल तर हेच दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये गेलात तर सकाळी दहाच्या आत परतीला लागा. या दिवसांत रान इतकं सुकं असतं की विझवल्यासारखी वाटणारी एक विडी सगळा उतार जाळू शकते.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यांना पावसाळ्यातच यायचं असतं. जून ते सप्टेंबर हे जंगल खरोखर बघण्यासारखं असतं. कातळावर शेवाळ चढतं, ओढे वाहू लागतात, ऑगस्टनंतर रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या कोळ्यांची जाळी लागतात. पण मुंबईत पाऊस कोसळतो तेव्हा इथल्या ओढ्यांचं पाणी मिनिटांत वाढतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वरच्या डोंगरात पाऊस पडत असेल, तर घोटाभर पाणी बघता बघता कमरेपर्यंत येतं. म्हणून पावसाळ्यात रस्ता सोडायचा नाही आणि ओढ्यात उतरायचं नाही. हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर बेत पुढे ढकला. अशा दिवशी काही भाग वनखातं स्वतःच बंद ठेवतं.

कारवीचं फूल बघायचं म्हणून येणार असाल तर थांबावं लागेल. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा एकदम फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ साली ती फुलली होती, म्हणजे आता २०३२. एकदा फुलून बी धरलं की ते झुडूप मरतं. सध्या कान्हेरीच्या रस्त्याकडेला नीट पाहिलंत तर जुन्या कारवीच्या वाळक्या काठ्या आणि त्यांच्या बुडाशी नवी कोवळी रोपं असं दोन्ही दिसेल.  पाड्यांवरच्या घरांच्या भिंती याच काठ्या विणून, वर माती-शेण लिंपून केलेल्या असत.

३. कागदपत्रं, पैसे, नोंदणी

यादी लहान आहे, पण यातली एखादी गोष्ट राहिली तर गेटवर अर्धा तास जातो.

- सरकारी ओळखपत्र, मूळ किंवा मोबाइलमधलं. निसर्गवाटेची नोंदणी केली असेल तर ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचं ओळखपत्र हवंच.
- ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी म्हणून सवलत हवी असेल तर त्याचा पुरावा.
- प्रवेशाचं तिकीट. ते गेटवर मिळतं. दर अधूनमधून बदलतात, म्हणून जुन्या लेखातल्या आकड्यांवर जाऊ नका, खिडकीवरचा फलक वाचा.
- कान्हेरीचं वेगळं तिकीट. उद्यान वनखात्याचं आणि गुंफा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, त्यामुळे तिकिटं दोन लागतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना गुंफांचं तिकीट पडत नाही. मुख्य गेटवर एकदा पैसे दिले असताना वर पुन्हा का, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणारे लोक नेहमी दिसतात. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.
- थोडी सुट्टी रोकड. आत मोबाइलची रेंज जाते-येते, आणि रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणंही थांबतं.
- मोठा कॅमेरा असेल तर त्याच्या शुल्काची गेटवर चौकशी करा आणि पावती जवळ ठेवा. ड्रोन आणूच नका.

एखाद्या ग्रुपबरोबर ‘नॅशनल पार्क ट्रेक’ला पैसे भरून जाणार असाल तर एकच प्रश्न विचारा: वनखात्याच्या परवानगीची पावती दाखवता का? उत्तरात टोलवाटोलवी सुरू झाली तर त्या ग्रुपबरोबर जाऊ नका. पकडले गेल्यावर दंड तुमच्या नावावर फाटतो.

४. पिशवीत आणि अंगावर

पाणी माणशी दोन लिटर. एकदा वापरून फेकायच्या बाटल्यांऐवजी घरची स्टीलची बाटली आणा, गेटवर प्लास्टिकची तपासणी होते. खायला दशम्या, थेपले, चिक्की, खजूर असं काही डब्यात ठेवा. वेफर्सचं पाकीट नको. त्याचा नुसता आवाज आला तरी माकडं उतरतात.

बूट आधी वापरलेले आणि तळाला खाचा असलेले असावेत. रस्त्यासाठी साधे खेळाचे बूट पुरतात, पण कान्हेरीच्या ओल्या कातळावर गुळगुळीत तळ घातकी ठरतो. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायभर पँट, टोपी. रंग मातकट, हिरवा, राखाडी. अत्तर किंवा वासाचा स्प्रे लावू नका, कारण पुढे मधमाश्यांच्या भागात सांगतो. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात.

रोजच्या गोळ्या, पट्टी, जंतुनाशक मलम, मीठ-साखरेची पुडी, आणि कचरा परत न्यायला एक कापडी पिशवी. दुर्बीण असेल तर जरूर घ्या. स्पीकर घरी ठेवा.

५. गेटपर्यंत

पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्टेशनवर पूर्वेला उतरा. तिथून गेट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, रिक्षाही मिळते. मेट्रोने येत असाल तर सात नंबरच्या मार्गावर ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचं स्टेशन आहे, ते द्रुतगती महामार्गावर गेटच्या जवळच आहे. स्वतःची गाडी आणायचा आग्रह धरू नका. खासगी गाड्यांना आत कुठपर्यंत सोडायचं याचे नियम बदलत आलेले आहेत, आणि चालायला यायचं तर गाडीचा उपयोगही नाही.

पाहुण्यांसाठी तिकीट खिडकी सकाळी साडेसातच्या सुमाराला उघडते. तुम्हाला आत दिसणारे पहाटेचे चालणारे लोक पासधारक असतात. खिडकी उघडताना तिथे असाल तर दिवस तुमचा आहे. उशीर झाला तर उन्हाआधी कान्हेरी होत नाही.

न्याहारी आणि स्वच्छतागृह, दोन्ही गेटजवळच उरकून घ्या. पुढची सोय एकदम कान्हेरीला आहे.

६. गेट ते कान्हेरी

पहिला किलोमीटर बागेसारखा आहे. नौकाविहाराचं तळं, वनराणी या छोट्या आगगाडीचे रूळ, वरती गांधी टेकडी. इथे रेंगाळू नका, परत येताना वेळ असतो. गर्दी मागे पडली की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंची झाडं वर जवळ येतात आणि महामार्गाचा आवाज हळूहळू पुसला जातो. आता चाल कमी करा.

कसं चालायचं, ते सांगतो. शंभरेक पावलं चाला, मग थांबा, आणि दोन मिनिटं अजिबात बोलू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच घडत नाही. मग तांबटाचा ‘टुक टुक’ ऐकू येतो. तो आधीपासूनच चालू असतो, तो ऐकण्याइतके तुम्ही शांत झालेले असता. मग एखादा टकाचोर फांदीवरून फांदीवर जातो, लांब शेपटीची दोन पिसं मागे सोडून भृंगराज उडतो. नशीब असेल तर पांढराशुभ्र नर स्वर्गीय नर्तक. उन्हं वर आली की डोंगराच्या डोक्यावर सर्पगरुड घिरट्या घालत शीळ घालतो, ती शीळ एकदा ओळखता आली की मग चुकत नाही.

झाडांपैकी एक ओळखून ठेवा: कांडोळ. उन्हाळ्यात पानं गळल्यावर त्याचं खोड पांढरंफटक दिसतं, म्हणून त्याला भुत्या असंही म्हणतात. खोडाची साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटते. तिला नख लावू नका, नुसतं जवळून बघा: वरच्या पापुद्र्याच्या कडेला किंचित गुलाबी झाक असते आणि त्याच्या आत हिरवट. पान नसलेलं झाड तेवढ्या सालीवर ऊन खातं.

रस्त्यात दहिसर नदीवरचा पूल लागतो. पुलावर उभं राहून खालच्या दगडांवर बघा, खंड्या किंवा धोबी पक्षी सहसा असतो. नदीत उतरू नका.

वाटेत वारली बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. हंगामाप्रमाणे करवंदं, जांभळं, बोरं, आवळे, कैऱ्या, चिरलेली काकडी. ही माणसं या जंगलातल्या पाड्यांवर उद्यान व्हायच्या आधीपासून राहत आली आहेत. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस करू नका, आणि तिथेच उभं राहून खा. हातात फळ घेऊन चालायला लागलात की ते माकडाचं झालं. कुणाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. ‘मावशी, या वर्षी जांभूळ कसं आलंय?’ एवढा प्रश्न विचारला तरी जंगलाबद्दल जे ऐकायला मिळतं ते फलकांवर नसतं.

पुढे तुळशी तलावाकडे एक फाटा फुटतो. तिथे सामान्यांना प्रवेश नाही. तुम्ही कान्हेरीची पाटी धरून चला. शेवटचा टप्पा चढाचा आहे. दम लागला तर लागू दे, सावलीत बसा. मुख्य गेट ते कान्हेरी हे अंतर फारसं न थांबता दीड ते दोन तासांत होतं, थांबत-थांबत गेलात तर जास्त वेळ धरा. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर कान्हेरीपर्यंत आतल्या बसने या आणि परतीचा उतार चाला. हा बेत मला सगळ्यांत आवडतो, कारण उतारावर गप्पाही होतात आणि थकवाही येत नाही. बस चालू आहे का, शेवटची खाली किती वाजता जाते, हे मात्र निघण्याआधी गेटवर विचारून घ्या.

७. कान्हेरीवर

इथे शंभराहून जास्त गुंफा आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास त्या खोदायला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं बौद्ध भिक्खू इथे राहत आले. सोपारा आणि कल्याण ही व्यापारी बंदरं जवळ होती, दान देणारे व्यापारी तिथून येत. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, हे कान्हेरीचं जुनं नाव.

बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची गुंफा, बघतात आणि खाली उतरतात. ते बघाच. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, जवळपास सात मीटर उंच. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला लेखही याच गुंफेत आहे. पण त्यानंतर वर चढा. अकरावी गुंफा प्रशस्त आहे, तिला दरबार म्हणतात. एकेचाळिसाव्या गुंफेत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. नव्वदाव्या गुंफेत पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आलेल्या पारशी मंडळींनी ते कोरून ठेवले.

मी मात्र नवख्यांना सगळ्यांत आधी पाण्याकडे बघायला सांगतो. जवळपास प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या गुंफेच्या, दाराशी कातळात खोदलेलं एक टाकं आहे. इथल्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलं आहे. टाक्याच्या तोंडाशी वाका आणि कातळाच्या पृष्ठावर बोटाएवढी, कुठे तळहाताएवढी रुंद खाच शोधा. त्या खाचेमागे नजर फिरवत वर गेलात की कळतं, छपराच्या कातळावर पडणारा पाऊस वळवून टाक्यात आणण्यासाठी ती खोदलेली आहे. काही टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी असतं. एवढ्या उंचीवर, विहीर नसताना इतकी माणसं कशी राहिली, याचं उत्तर या खाचांमध्ये आहे. त्यांच्यावर बूट टेकवून फोटो काढू नका, आणि टाक्यात काही टाकू नका.

सावध राहायच्या दोन जागा. गुंफांच्या मधून जाणारा ओढा आणि त्यातले डोह: पावसाळ्यात कातळ तेलकट झालेला असतो, घसरलेला माणूस खालच्या डोहात जातो. आणि वरच्या पठाराच्या कडा: तिथे कठडे नाहीत. फोटोसाठी मागे सरकत जाणाऱ्यांना मी स्वतः हाक मारून थांबवलेलं आहे, तुम्हीही थांबवा.

पाचच्या सुमाराला गुंफा रिकाम्या करायला लावतात. पण चालत परतायचं असेल तर दुपारी तीनच्या आत उतरायला लागा. अंधार पडायच्या आत मुख्य गेटबाहेर असलंच पाहिजे.

८. जंगलातल्या रहिवाशांशी कसं वागायचं

माकडं. नवख्यांना खरा त्रास होतो तो यांचाच. खायला देणं गुन्हा आहे, आणि दिलेलं प्रत्येक केळं पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप आणतं. माकड समोर आलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका, पळू नका. पिशवी पोटाशी घ्या आणि चालत राहा. ओरखडा किंवा चावा बसला तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी रुग्णालय गाठा. उद्यावर टाकू नका.

बिबट्या. सगळे हाच प्रश्न विचारतात. हो, आहेत, आणि बिबट्यांची एवढी दाट वस्ती जगात फार थोड्या ठिकाणी आहे. दिवसा रस्त्याने चालणाऱ्या माणसांना तो सहसा दिसत नाही, कारण तो तुम्हाला आधी बघतो आणि बाजूला होतो. तरी पहाटे आणि संध्याकाळी एकटं फिरू नका. मुलांना पुढे पळू देऊ नका. शौचाला झुडपात जाऊन बसू नका, बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं भासू शकतं. दिसलाच तर उभे राहा, मुलाला कडेवर घ्या, मोठ्या पण शांत आवाजात बोलत सावकाश मागे व्हा. पाठ फिरवून पळू नका, त्याच्याभोवती कडं करू नका, फ्लॅश मारू नका.

इथल्या कडेकडेने राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात भटके कुत्रे बऱ्याच प्रमाणात असतात, आणि कुत्रे कचऱ्यावर वाढतात. आपण टाकलेलं उरलंसुरलं अन्न आणि वस्तीत आलेला बिबट्या यांच्यातला संबंध इतका सरळ आहे. वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला देव मानून त्याच्या शेजारी राहत आले आहेत. वाटेत शेंदूर लावलेला वाघोबा दिसला तर तिथे चपला घालून चढू नका.

साप. पावसाळ्यात आणि नंतर हिरवा चापडा फांद्यांवर बसलेला असतो, म्हणून फांदीला धरून तोल सावरायची सवय सोडा. दगडाच्या फटीत हात घालू नका. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालयात न्या.

आग्या मधमाश्या. कड्यांना आणि उंच झाडांना यांची पोळी लटकलेली असतात. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात. दगड मारणं तर लांबच राहिलं. एखादी माशी डोक्याभोवती घोंगावायला लागली तर हात हलवू नका, गुपचूप तिथून निघा.

खाजकुइली आणि गोचीड. पावसाळा सरल्यावर तपकिरी, मखमली शेंगांचे वेल दिसले तर लांब राहा. कूस अंगाला लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा. गोचीड गवतातून चढतात, पँटचे पाय मोज्यात खोचले की बराच बचाव होतो.

९. दुसऱ्या खेपेला

आता रस्ता सोडायला हरकत नाही, पण माहितगाराबरोबर. शिलोंड्याची वाट कान्हेरीच्या रस्त्यावरून आत शिरते आणि झाडीतून ओढ्याच्या खडकाळ पात्रापाशी जाते. चढ फार नाही. मुख्य गेटच्या आत असलेल्या निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करून नाव नोंदवा. सुट्टीच्या दिवसांच्या जागा लवकर भरतात.

गोरेगावला चित्रनगरीला लागून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. ही संस्था १८८३ पासूनची. फुलपाखरं, कोळी, पक्षी यांपैकी एकाच विषयावर सकाळ घालवायची असेल तर तिथले कार्यक्रम शोधा. ठाणेकरांना येऊरची बाजू जवळची: नाक्यावर नोंद करून, ठरवून दिलेल्या वाटांवरच. वसईच्या खाडीपलीकडचा नागला पट्टाही याच उद्यानाचा भाग आहे, तिथे रान आणि खाडी अशी दोन्ही मजा आहे, पण तिथे जायला वनखात्याची परवानगी लागते.

माहितगाराबरोबर जाताना दोन गोष्टी पाळा. त्याच्या पुढे चालू नका. आणि त्याला घाई करायला लावू नका. त्यांच्यातले पुष्कळजण इथल्या पाड्यांवरचेच असतात आणि चिखलातल्या एका खुरावरून चितळ की सांबर हे सांगतात. चांगलं वाटलं तर केंद्राच्या वहीत त्यांच्या नावाने तसं लिहून या.

१०. काही बिघडलं तर

वाट चुकल्यासारखं वाटलं तर पुढे जाऊ नका. जिथे शेवटचा ओळखीचा दगड, पाटी किंवा वळण होतं तिथपर्यंत मागे या. उतार धरून खाली जायचा मोह टाळा, उतार ओढ्यात नेतो.

वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. जखमी प्राणी दिसला, आग दिसली, कुणी झाडं तोडताना किंवा फासे लावताना दिसलं तरी याच क्रमांकावर कळवा. रुग्णवाहिका १०८. हे दोन्ही क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि निघण्याआधी घरी एका माणसाला सांगा: कुठल्या गेटने आत जातोय, कुठली वाट, आणि किती वाजेपर्यंत बाहेर येऊन फोन करणार.

बाहेर आल्यावर तो फोन आधी करा. घरी पोहोचलात की कपडे सरळ धुवायला टाका आणि कान, काख, गुडघ्याची लवण, कंबरपट्ट्याची जागा नीट तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल ओतू नका, जाळू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.